स्पेनमधली सहल : पैसे भरण्याआधी पाच प्रश्न

आज आपण जरा लांबच्या विषयावर बोलणार आहोत. स्पेन देशात कुटुंबासोबत सुट्टीला गेलं, तर एका दिवसाची सहल कशी ठरवायची आणि तिचं बुकिंग कसं करायचं, हा तो विषय. तुम्ही म्हणाल, "ताई, आम्हाला तालुक्याला जायला सवड नाही आणि तुम्ही आम्हाला स्पेनला कुठे नेता?" पण आपल्या गावांतल्या लेकी, सुना, जावई आता जर्मनीत, आयर्लंडमध्ये, दुबईत नोकरीला आहेत. ते आईवडिलांना बोलावून घेतात. मग आपली बाई विमानात बसते, पण तिथे गेल्यावर तिला कोणी काही विचारत नाही. लेक ठरवते, जावई पैसे भरतात आणि आई मागून चालते.

आमच्या गटातल्या एका मावशींच्या बाबतीत असंच झालं. त्या गेल्या जुलैमध्ये जर्मनीत लेकीकडे गेल्या होत्या. नातवंडांना शाळेची सुट्टी होती, म्हणून सगळे मिळून आठ दिवस दक्षिण स्पेनमध्ये समुद्रकाठी राहायला गेले. गाव होतं फुएन्हिरोला, मालागा शहराच्या जवळचं. लेक, जावई, नऊ वर्षांचा नातू, पाच वर्षांची नात आणि मावशी अशी पाच माणसं. मावशींचा उजवा गुडघा दुखरा. परत आल्यावर त्यांनी गटाच्या बैठकीत जे सांगितलं, ते आम्ही सगळ्यांनी मिळून लिहून काढलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवतो.

पहिल्या सहलीत फसगत झाली. ग्रानादा शहरात अल्हांब्रा नावाचा फार जुना किल्ला आहे. नासरी घराण्याच्या मुसलमान सुलतानांनी तो तेराव्या-चौदाव्या शतकात बांधला आणि वाढवला. 1492 साली तो ख्रिस्ती राजाराणीच्या ताब्यात गेला. आत राजवाडे आहेत, बागा आहेत, पाण्याचे पाट आहेत. एका चौकात बारा दगडी सिंहांच्या पाठीवर कारंजं आहे. मावशींनी त्याचं चित्र लेकीच्या मोबाईलवर पाहिलं होतं आणि त्यांना तेच बघायचं होतं.

लेकीने आदल्या रात्री घाईघाईत मोबाईलवर सहल शोधली. सगळ्यात वर जी जाहिरात आली, तिथेच पैसे भरले. वर लिहिलं होतं, 'अल्हांब्रा, एक दिवस, बससह'. सकाळी बस आली, दोन तासांनी ग्रानादा आलं. तिघा मोठ्यांनी मुलांना घेऊन उन्हात बागा पाहिल्या, जुना बुरुज पाहिला. मग राजवाड्याच्या दारात रांगेत उभे राहिले, तेव्हा दारावरच्या माणसाने तिकीट पाहून मान हलवली. तिकीट फक्त बागांचं आणि किल्ल्याचं होतं. राजवाड्याचं तिकीट वेगळं असतं आणि त्या दिवसाची सगळी तिकिटं केव्हाच संपली होती. मावशी तिथल्या दगडी कट्ट्यावर बसून राहिल्या. सिंहांचा चौक त्यांनी पाहिला नाही. आजही पाहिलेला नाही.

मैत्रिणींनो, यात खोटं कोणी बोललं नव्हतं. सहलीत काय आहे ते खाली बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, फक्त कोणी वाचलं नव्हतं. संध्याकाळी परत येताना मावशी लेकीला म्हणाल्या, "अगं, गटात शंभर रुपये खर्च करायचे तरी आम्ही चार प्रश्न विचारतो. इथे एवढे पैसे गेले आणि एकही प्रश्न विचारला नाही." मग त्यांनी पिशवीतून वही काढली आणि उरलेल्या दिवसांचा आराखडा स्वतः बसून केला. त्या वहीत पाच प्रश्न होते.

पहिला प्रश्न : या पैशात नेमकं काय मिळणार?

बसची सहल म्हणजे कधी नुसता प्रवास असतो, कधी प्रवेश तिकीटही असतं, कधी माहिती सांगणारा माणूसही असतो. तो कोणत्या भाषेत बोलणार तेही विचारायचं. इंग्रजी म्हणतात आणि निम्मा वेळ स्पॅनिश चालतं, असंही होतं. अल्हांब्रासाठी 'नासरी राजवाडे' हे शब्द तिकिटावर असलेच पाहिजेत. राजवाड्यात शिरायची वेळ तिकिटावर छापलेली असते. ती वेळ चुकली की आत सोडत नाहीत. गर्दीच्या दिवसांत ही तिकिटं काही आठवडे आधीच संपतात. म्हणून आधी तिकीट घ्यायचं, मग त्यानुसार प्रवासाचा दिवस ठरवायचा. तिकीटही मधल्या विक्रेत्याकडून घेण्याऐवजी त्या जागेच्या अधिकृत संकेतस्थळावर घ्यायचं. मोबाईलवर शोधलं की सगळ्यात वर दिसतं ती बऱ्याचदा जाहिरात असते, हे विसरू नका. बार्सिलोनाला सग्रादा फमिलिया नावाचं मोठं चर्च आहे. त्याचं बांधकाम 1882 साली सुरू झालं. तिथेही वेळ ठरवून आधीच तिकीट काढावं लागतं.

आणखी एक. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे. आपल्याकडे बायकांची नावं दोन असतात, माहेरचं एक आणि सासरचं एक. पासपोर्टवर जे आहे तेच टाकायचं. अल्हांब्राच्या दारात मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो, मोबाईलमधला फोटो चालेल असं गृहीत धरू नका. लहान मुलांचीही नोंद तिकिटात हवी.

दुसरा प्रश्न : बस कुठून, किती वाजता आणि परत कुठे सोडणार?

सहलीच्या बसा बहुतेक वेळा ठरलेल्या ठिकाणी, मोठ्या हॉटेलसमोर थांबतात. आपल्या दारात येत नाहीत. ती जागा आदल्या दिवशी चालत जाऊन बघून यायची. बस पाच-सहा हॉटेलांवरून माणसं घेत जाते, त्यात तास-दीड तास जातो. तो वेळही हिशोबात धरायचा.

तिथे रेल्वे आणि साधी एस.टी.सारखी बससेवाही चांगली आहे. फुएन्हिरोलाहून मालागाला लोकल जाते, ती विमानतळावरूनच जाते. मालागाहून कोर्दोबा शहर जलद गाडीने तासाभराच्या आसपास आहे. म्हणजे सगळ्याच सहलींना दलालाची गरज नाही. समजा, बसच्या सहलीला माणशी 50 युरो पडले. पाच माणसांचे झाले 250 युरो. एक युरो शंभर रुपये धरला तर पंचवीस हजार रुपये. आपल्या गटातून एखादी बाई शेळीपालनासाठी एवढं कर्ज काढते. म्हणून दोन्ही रस्त्यांचा खर्च कागदावर मांडायचा आणि मगच ठरवायचं. जलद गाडीचं तिकीट लवकर काढलं तर बहुधा स्वस्त पडतं.

तिसरा प्रश्न : चालायचं किती आणि पायऱ्या किती?

हा प्रश्न घरातलं सगळ्यात हळू चालणारं माणूस डोळ्यांसमोर ठेवून विचारायचा. मालागाच्या पूर्वेला पन्नासेक किलोमीटरवर नेर्हा गाव आहे. तिथल्या गुहा 1959 साली काही मुलांना सापडल्या. आत दगडाचे प्रचंड खांब आहेत आणि उन्हाळ्यातही गारवा असतो. पण पायऱ्या शेकड्यांनी आहेत. मावशींनी ते आधीच विचारलं आणि ती सहल वहीतून खोडली. "लाज कसली? गुडघा माझा आहे," असं त्या म्हणाल्या.

त्याऐवजी त्या कोर्दोबाला गेल्या. तिथली मेस्किता म्हणजे आठव्या शतकात सुरू झालेली मोठी मशीद, आता ती ख्रिस्ती लोकांचं कॅथेड्रल आहे. आत साडेआठशेहून जास्त खांब आहेत आणि त्यांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कमानी. आत बहुतेक जमीन सपाट, सावली आणि गारवा. स्थानकावरून टॅक्सी केली, सकाळच्या वेळेचं तिकीट काढलं आणि ऊन चढायच्या आत बघून झालं. जुलै-ऑगस्टमध्ये कोर्दोबा, सेव्हिल या भागात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आपल्या विदर्भासारखा. दुपारी फिरायचं नाहीच. रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे दुपारी झोपून संध्याकाळी फिरता येतं. तिथले लोकही तसंच करतात. छोटी दुकानं साधारण दोन ते पाच बंद असतात आणि बरीच संग्रहालयं सोमवारी बंद असतात.

चौथा प्रश्न : मुलांच्या वयाची अट काय आणि कागदपत्रं कोणती?

मालागा जिल्ह्यात 'कामिनितो देल रे' नावाची वाट आहे. दरीच्या कड्याला चिकटून बांधलेली फळ्यांची वाट. ती दुरुस्त करून 2015 साली पुन्हा उघडली. जावयांना तिथे जायचंच होतं. मावशींनी नियम वाचायला लावला, तर आठ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नाही. नात पाच वर्षांची! दारात जाऊन रडारड झाली असती. मग जावई आणि नातू दोघेच गेले. मावशी, लेक आणि नात समुद्रावर बसल्या. सगळ्यांनी सगळं एकत्रच बघायला पाहिजे असं थोडंच आहे?

याच प्रश्नातली दुसरी गोष्ट फार महत्त्वाची, नीट ऐका. त्या किनाऱ्यावर जागोजागी पाट्या असतात, 'एका दिवसात आफ्रिका!' म्हणजे बोटीने समुद्रधुनी ओलांडून मोरोक्को देशातलं टँजिअर शहर बघून परत. तरीफा बंदरातून बोट तासाभरात पोचते. जावई आनंदाने पैसे भरायला निघाले. मावशींनी पासपोर्ट उघडून व्हिसा समोर धरला. त्यावर किती वेळा प्रवेश करता येईल, तो आकडा छापलेला असतो. मावशींच्या व्हिसावर होतं 01. म्हणजे एकदाच प्रवेश. जर्मनी, स्पेन असे 29 देश मिळून शेंगेन भाग होतो, त्यात एका व्हिसावर फिरता येतं. पण मोरोक्को त्यात नाही. तिथे गेलं की तो एक प्रवेश संपला. परत स्पेनमध्ये येता आलं नसतं, लेकीच्या घरी जर्मनीलाही जाता आलं नसतं. शिवाय मोरोक्कोचा व्हिसा वेगळा लागतो. जावयांकडे जर्मनीचा राहण्याचा परवाना होता, म्हणून त्यांना हे सुचलंच नाही. जवळचं जिब्राल्टरही स्पेनचं नाही, ब्रिटनच्या अखत्यारीतलं आहे. तिथे जायचं तर आपल्या पासपोर्टला काय लागतं ते आधी विचारायचं. सहल विकणारा माणूस तुमचा व्हिसा बघत नाही. तो आपणच बघायचा.

पाचवा प्रश्न : जाता आलं नाही तर पैसे परत मिळणार का?

मूल तापाने फणफणलं, गुडघा सुजला, तर काय? काही सहली आदल्या दिवसापर्यंत रद्द केल्या तर पूर्ण पैसे परत देतात, काही एक पैसाही देत नाहीत. पुरेशी माणसं जमली नाहीत म्हणून कंपनीनेच सहल रद्द केली तर काय, तेही विचारायचं. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा प्रवासी आरोग्य विमा काढावा लागतो. तो दवाखान्याच्या खर्चासाठी असतो. सहलीचे बुडालेले पैसे तो देईलच असं समजू नका. विम्याचा कागद आणि 112 हा मदतीचा नंबर जवळ ठेवायचा. पावती मोबाईलमध्ये तर हवीच, पण एक प्रत कागदावरही हवी, कारण मोबाईलची बॅटरी नेमकी दारात संपते.

आता थोडं जेवणाबद्दल. 'तोर्तिया' हे नाव ऐकून पोळी समजू नका. स्पेनमध्ये तोर्तिया म्हणजे अंडं आणि बटाट्याचं जाड थालीपीठ म्हणा ना. मांस नको म्हटलं तरी सॅलडमध्ये मासा येऊ शकतो, म्हणून 'मांस नको, मासा नको, अंडं नको' असं तिन्ही सांगायचं. त्यांच्या भाषेत 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन वेवो'. जेवणाच्या वेळाही आपल्यापेक्षा उशिराच्या. दुपारचं दोननंतर, रात्रीचं नऊनंतर. मध्ये बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर बंद असतं. म्हणून डबा हवाच. पण डबा म्हटला की पहाटे पाचला उठणार कोण? पहिल्या दिवशी मावशी आणि लेक उठल्या होत्या. वहीतला शेवटचा नियम त्यासाठी होता : सहलीच्या दिवशी डबा जावई आणि नातू भरतील. पाव, टोमॅटो, चीज, फळं. नातवाने एकदा मीठ विसरलं, पण सगळ्यांनी आवडीने खाल्लं.

आणखी एक गोष्ट मावशींनी केली. आठ दिवसांत त्यांनी मोठ्या सहली तीनच ठेवल्या आणि दोन सहलींच्या मध्ये एक दिवस मोकळा. त्या मोकळ्या दिवसात नात त्यांच्या मांडीवर झोपली, त्या लेकीशी निवांत बोलल्या. त्या सांगतात, "स्पेनमध्ये मला सगळ्यात जास्त तेच आवडलं."

मैत्रिणींनो, मावशींना स्पॅनिश येत नाही, इंग्रजीही जेमतेम अक्षरं लावून वाचता येतं. पण व्हिसावरचा 01 त्यांनीच वाचला. हिशोब मांडणं, कागद वाचणं, प्रश्न विचारणं हे त्या गटात पंधरा वर्षं करत आल्या आहेत. तुमच्या घरी कोणी असं बोलावणं पाठवलं, तर जरूर जा. पण सहल ठरताना बाजूला बसू नका. वही घ्या आणि पैसे भरण्याआधी हे पाच प्रश्न विचारा. आणि ज्या लेकी-सुना हे ऐकत आहेत, त्यांना एवढंच सांगणं : बुकिंग करण्याआधी आईला एकदा विचारा, "तुला काय बघायचंय?" ते उत्तर वेळेत ऐकलं असतं, तर मावशींनी सिंहांचा चौक पाहिला असता.

येत्या बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने वाचा आणि आपापल्या वहीत उतरवून घ्या. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार.