सर्व्हरची नोंदवही आणि रोजचा ताळमेळ

तमिळनाडूतील कुंभकोणम् शहरापासून सुमारे चार किलोमीटरांवर दारासुरम् हे गाव आहे. तेथील ऐरावतेश्वराचे मंदिर चोळ राजा दुसरा राजराज याने बाराव्या शतकात बांधले. २००४ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला. रथाच्या आकाराच्या मंडपासाठी हे मंदिर प्रसिद्ध आहे. परंतु हिशेब ठेवण्याची सवय असलेल्या माणसाचे लक्ष तेथे आणखी एका गोष्टीकडे जाते. मंदिराच्या भिंतींवर शैव संतांच्या चरित्रांतील प्रसंग लहान शिल्पपट्टांत कोरलेले आहेत आणि त्यांपैकी अनेक पट्टांवर संतांची नावेही कोरलेली आहेत. कोणता पट्ट कोणाचा, हे पाहणाऱ्याने तर्काने ठरवावे, असे शिल्पकारांना वाटले नाही.

याच मंदिरात पूर्वी एक द्वारपालाची मूर्ती होती. ती आता तंजावरच्या राजवाड्यातील कलादालनात आहे. तिची शैली चोळांची नाही, चालुक्यांची आहे. तिच्यावरील तमिळ लेखाचा आशय असा की, विजयराजेंद्र राजाने कल्याणपुर जाळले आणि तेथून हा द्वारपाल आणला. विजयराजेंद्र म्हणजे चोळ राजा पहिला राजाधिराज आणि कल्याणपुर म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याणी, महाराष्ट्राच्या सीमेला लागून असलेल्या बीदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. वस्तू कोणती, कोठून आली आणि कोणी आणली, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे वस्तूवरच लिहिलेली आहेत. मात्र राजाधिराज इ. स. १०५४ मध्ये रणांगणावर मरण पावला, तर दारासुरम् येथील मंदिर त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी उभे राहिले. मधल्या काळात हा द्वारपाल कोठे उभा होता, याविषयी लेख काही सांगत नाही. नोंद एकदा झाली. वस्तू हलली तेव्हा ती पुढे लिहिली गेली नाही.

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरातील एक शिलालेख मात्र याहून सावध आहे. इ. स. १०१४ च्या सुमाराचा हा लेख पहिल्या राजराजाचा. मंदिराच्या सेवेसाठी निरनिराळ्या देवस्थानांतून आणलेल्या ४०० नर्तकींची नावे त्यात आहेत. प्रत्येकीचे मूळ देवस्थान, तिच्या घराची रांग, त्या रांगेतील घराचा क्रमांक आणि तिचा धान्याचा वाटा, असा सर्व तपशील तेथे कोरलेला आहे. शिवाय यादीतील कोणी मृत्यू पावल्यास किंवा अन्यत्र गेल्यास तिच्या जागी कोणी यावे, याचाही नियम दिला आहे. यादी बदलणार हे गृहीत धरूनच ती केलेली होती.

या दोन नोंदींमधील फरक आजच्या बँकव्यवहारात फार मोलाचा ठरला आहे.

बँकेची न दिसणारी मालमत्ता

शाखेतील टेबले, खुर्च्या, तिजोऱ्या आणि पंखे यांची नोंद डेड स्टॉक रजिस्टरमध्ये असते. वर्षातून एकदा वस्तू प्रत्यक्ष पाहून ती पडताळली जाते. परंतु ग्राहकाचे पैसे आज ज्या यंत्रांच्या भरवशावर फिरतात, ते सर्व्हर ग्राहकाला दिसत नाहीत आणि बहुतेक कर्मचाऱ्यांनाही दिसत नाहीत. खात्यांची माहिती सांभाळणारा सर्व्हर वेगळा, एटीएमच्या विनंत्या हाताळणारा वेगळा, परदेशी रकमांचे संदेश पाठविणारा वेगळा. त्यातच एका लोखंडी पेटीत अनेक आभासी सर्व्हर एकाच वेळी चालू शकतात. असा सर्व्हर काही मिनिटांत निर्माण होतो आणि तितक्याच सहजपणे विसरलाही जातो. चाचणीसाठी आठवड्यापुरता उभा केलेला सर्व्हर पुढे कित्येक महिने कोणाच्याही लक्षात न येता चालू राहू शकतो.

हाताने भरलेल्या यादीचा वेग या बदलापुढे अपुरा पडतो. म्हणून रिझर्व्ह बँकेने २ जून २०१६ रोजी बँकांच्या सायबर सुरक्षेविषयी जे परिपत्रक काढले, त्याच्या जोडपत्रातील किमान उपायांमध्ये पहिलाच उपाय संगणकीय मालमत्तेची अद्ययावत यादी ठेवण्याचा आहे. कुलपे, पहारे आणि तपासण्या यांचे विषय त्यानंतर येतात. जे आपल्याकडे आहे हेच ठाऊक नाही, त्याचे रक्षण कसे करणार?

कुंभकोणम् येथील एक सकाळ

दारासुरम् ज्या शहराच्या कुशीत आहे, त्या कुंभकोणम् येथे १९०४ मध्ये कुंभकोणम् बँक स्थापन झाली. तीच आजची सिटी युनियन बँक. फेब्रुवारी २०१८ मध्ये या बँकेच्या यंत्रणेत शिरून गुन्हेगारांनी स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीद्वारे तीन बनावट प्रेषणे परदेशी पाठविली. एकूण रक्कम सुमारे वीस लाख डॉलरची होती. बँकेच्या प्रमुखांनी नंतर सांगितले की, ६ फेब्रुवारीला स्विफ्टला जोडलेला प्रिंटर बंद पाडण्यात आला होता, त्यामुळे त्या संदेशांच्या पोचपावत्या छापून आल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी, ७ फेब्रुवारीला, ताळमेळ घेताना ही प्रेषणे उघडकीस आली आणि त्यांपैकी एक रक्कम अडविता आली.

दोनच वर्षांपूर्वी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेतही असाच प्रिंटर मुका झाला होता. नेहमीचा बिघाड समजून त्याकडे दुर्लक्ष झाले. त्या बँकेचे ८ कोटी १० लाख डॉलर गेले.

दोन्ही प्रसंगांत एका साध्या यंत्राचे गप्प होणे हीच धोक्याची पहिली सूचना होती. यंत्रांची यादी करणाऱ्या आज्ञावलीने ज्या यंत्राचे उत्तर आले नाही त्याची ओळ गाळून टाकली, तर ती नेमकी हीच सूचना गाळते.

काळ्या पडद्यावरील लहान आज्ञावली

ही यादी करण्यासाठी संगणक विभागातील तंत्रज्ञ अनेकदा एखादी लहान आज्ञावली वापरतात. तिला चित्रे नसतात, बटणे नसतात. काळ्या पडद्यावर एक आज्ञा टंकायची; आज्ञावली जाळ्यातील प्रत्येक पत्त्यावर जाऊन चौकशी करते आणि ओळीमागून ओळ छापते. या पद्धतीला कमांड लाइन म्हणतात. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेली एनमॅप ही जाळ्याची पाहणी करणारी आज्ञावली याच घराण्यातील असून ती आजही जगभर वापरली जाते.

अशा आज्ञावलीचा मुख्य भाग बहुधा लहान असतो. यादी खरी ठरते की खोटी, हे तिच्या पोटातील किरकोळ वाटणाऱ्या सहाय्यक भागांवर अवलंबून असते. त्यांची कामे पाहण्यासारखी आहेत.

पहिले काम पत्ते मोजण्याचे. शाखेच्या एका लहान जाळ्यात २५६ पत्ते धरले, तर पहिला व शेवटचा वगळून २५४ पत्त्यांवर यंत्रे असू शकतात. प्रत्येक मुक्या पत्त्यासाठी तीन सेकंद थांबायचे ठरविले आणि कोणीच उत्तर दिले नाही, तर एकामागून एक विचारण्यास पावणेतेरा मिनिटे लागतील. पण ६५,५३४ पत्त्यांच्या मोठ्या जाळ्याला हाच हिशेब लावला, तर दोन दिवसांहून अधिक काळ जाईल. म्हणून आज्ञावली एकाच वेळी शंभर पत्त्यांवर चौकशी करते आणि तेच काम सुमारे तेहेतीस मिनिटांत उरकते. हा आकडा वाटेल तितका वाढविता येत नाही. दूरच्या शाखेची दूरध्वनी जोडणी अरुंद असते आणि चौकशीच्या गर्दीत ग्राहकाचा व्यवहार अडकून पडता कामा नये.

दुसरे काम उत्तराचा अर्थ लावण्याचे. दारावर थाप मारल्यावर आतून कोणी “येऊ नका” म्हणाले, तर घरात माणूस आहे हे निश्चित होते. कोणीच बोलले नाही, तर घर रिकामे आहे असे म्हणता येत नाही. आतील माणूस झोपलेला असेल, आजारी असेल किंवा दाराशी दुसऱ्याच कोणीतरी त्याला अडविले असेल. यंत्रांचेही तसेच आहे. ‘जोडणी नाकारली’ आणि ‘मुदतीत उत्तर नाही’ ही दोन अगदी वेगळी उत्तरे आहेत. निष्काळजी आज्ञावली दोन्हींना ‘बंद’ असा एकच शिक्का मारते. चांगली आज्ञावली दोन्ही स्वतंत्रपणे लिहिते आणि शेवटचे उत्तर केव्हा आले होते, तेही नोंदविते.

तिसरे काम ओळख पटविण्याचे. यंत्राचा जाळ्यातील पत्ता बदलू शकतो, म्हणून केवळ पत्त्यावरून ओळख ठरविणे धोक्याचे. कारखान्याने दिलेला अनुक्रमांक अधिक विश्वसनीय. परंतु आभासी सर्व्हरची हुबेहूब प्रत काढली, तर प्रतीलाही मूळचाच ओळखक्रमांक मिळू शकतो. म्हणून नाव, पत्ता आणि क्रमांक एकत्र ताडून पाहावे लागतात. नावांतही गोंधळ असतो. एका नोंदीत नाव संक्षिप्त, दुसरीत पूर्ण, तिसरीत शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा! ही तीन यंत्रे नव्हेत, हे कळण्यासाठी नावे आधी एका साच्यात आणावी लागतात. क्रम लावतानाही सावधगिरी हवी. संगणक अक्षरे एकेक करून ताडतो, त्यामुळे ‘सर्व्हर १०’ हा ‘सर्व्हर २’ च्या आधी येतो आणि वाचणाऱ्याला मधले यंत्र गहाळ झाल्यासारखे वाटते.

चौथे काम वेळेचे. एका सर्व्हरचे घड्याळ भारतीय वेळेवर आणि दुसऱ्याचे जागतिक प्रमाणवेळेवर असेल, तर एकाच क्षणाच्या दोन नोंदींत साडेपाच तासांचे अंतर पडते. चोरीचा माग काढताना एवढे अंतर पुरेसे घातक ठरते. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांत संगणकांची घड्याळे प्रमाणित स्रोतांशी जुळवून ठेवण्यास आणि नोंदी १८० दिवस जपण्यास सांगितले, ते याचसाठी.

वही आणि जाळे

सर्वांत महत्त्वाचे काम शेवटी येते, आणि बँकेच्या माणसाला ते शिकवावे लागत नाही. आज्ञावलीने आज मिळविलेली यादी आणि कार्यालयातील वही समोरासमोर ठेवायच्या. काही यंत्रे दोन्हींत सापडतील; तेथे प्रश्न नाही. काही केवळ वहीत असतील. ती बंद पडली, चोरीस गेली की भंगारात निघाली, हे शोधायचे. काही केवळ जाळ्यात असतील. ती कोणी आणि कशासाठी जोडली, हे त्याच दिवशी विचारायचे.

केवळ वहीवर विसंबण्याचा परिणाम २०१७ मध्ये अमेरिकेतील इक्विफॅक्स या पतमाहिती कंपनीने अनुभवला. एका आज्ञावलीतील दोष दुरुस्त करण्याची सूचना मार्चमध्ये कंपनीत पाठविली गेली. पण ती ज्यांना जायची त्यांची यादीच जुनी होती, म्हणून संबंधितांना ती मिळाली नाही. नंतर केलेल्या तपासणीतही सदोष यंत्रणा सापडली नाही. परिणामी सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली.

नको असलेल्या यंत्रणेचे उदाहरण आपल्या पुण्यातील आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस सहकारी बँकेवर झालेल्या हल्ल्यात गुन्हेगारांनी एटीएमच्या विनंत्यांना मंजुरी देणारा एक प्रतिरूप स्विच उभा केला. विनंत्या बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत पोहोचण्याऐवजी या तोतयाकडून मंजूर होत राहिल्या. ११ आणि १३ ऑगस्ट या दोन दिवसांत बँकेचे ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. रोजच्या यादीने असा प्रत्येक हल्ला टळेल, असा दावा कोणीही करू नये. बनावट यंत्रणा ओळखीच्या यंत्राच्या आतही लपू शकते. परंतु ज्याची मोजणीच होत नाही, तेथे तोतयाला लपण्याचीही गरज पडत नाही.

आपण काय करावे?

शाखेतील सहकाऱ्यांच्या हाती बरेच काही आहे. संगणक किंवा प्रिंटर एका टेबलावरून दुसरीकडे हलविला, तर संगणक विभागाला कळवावे. परवानगीवाचून कोणतेही यंत्र जाळ्याला जोडू नये. भंगारात निघालेल्या यंत्रातील माहिती पुसली गेली आणि वहीतील त्याची नोंद बंद झाली, याची खात्री करावी. आणि नेहमी बोलणारा प्रिंटर अकारण गप्प झाला, तर दुरुस्तीवाल्याला निरोप देण्याबरोबरच अधिकाऱ्यांनाही लगेच सांगावे.

ग्राहकांनाही आपापली लहानशी यादी करता येईल. बँकेत नोंदविलेला मोबाइल क्रमांक आजही आपल्याकडेच आहे ना? बँकेचे अॅप किती फोनांवर चालू आहे? विकलेल्या किंवा मुलांना दिलेल्या जुन्या फोनवरून ते काढले होते का? या प्रश्नांची उत्तरे आठवणीतून देऊ नयेत. फोन हातात घेऊन पाहावीत. क्रमांक बदलला असेल, तर ओळखपत्र घेऊन याच आठवड्यात आपल्या शाखेत यावे. ही नोंद दुरुस्त करण्यास फार वेळ लागत नाही.