वकिलाचा फोन कारकुनाने उचलला तर

भूम-परंड्याहून धाराशिवच्या वकिलाला दुपारी फोन केला, की बरेचदा कारकून उचलतो. वकील तेव्हा कोर्टात असतात. ‘याला सांगितलं तर गुपित फुटेल’ या भीतीने अनेक अशील फोन ठेवून देतात. ही भीती अनाठायी आहे. व्यावसायिक गोपनीयता (अशिलाची माहिती त्याच्या संमतीविना उघड न करण्याचे बंधन) भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम १३२ नुसार वकिलाच्या कारकुनालाही लागू आहे. बेकायदा हेतूने सांगितलेल्या गोष्टी मात्र यातून वगळल्या आहेत.

कारकुनाचे काम दवाखान्यातल्या केसपेपरच्या खिडकीसारखे. तिथे औषध मिळत नाही, नोंद होते. कायद्याचा सल्ला कारकुनाकडे मागू नका. प्रकरण क्रमांक, पुढची तारीख आणि नोटिशीची मुदत मात्र जरूर लिहून घ्यायला सांगा. वकीलच नसेल, तर विधी सेवेच्या १५१०० या मोफत क्रमांकावर फोन करा.