उदयन मानेचं टोकियो

अलिबाग-मुरुडच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या ओल्या वाळूत क्रिकेट रंगतं, गावच्या मंडळांचा जीव कबड्डीत. गोल्फ रायगडात आलं ते पार पनवेलच्या अंगाला. खारघरला पांडवकड्याच्या डोंगराखाली सिडकोचं गोल्फ कोर्स आहे. तिथून समुद्राकडे मात्र ते फारसं सरकलेलं नाही. त्यामुळे २०२१ साली माने आडनावाचा गडी गोल्फ खेळायला टोकियो ऑलिंपिकला निघाल्याचं इकडे किती जणांना कळलं, देव जाणे.

उदयन मानेचा जन्म १९९१चा, चेन्नईतला. पुढे तो पुणेकर म्हणूनच ओळखला गेला. २०१४च्या इंचॉन एशियाडमध्ये तो हौशी खेळाडू म्हणून भारताकडून खेळला आणि वर्षभरात व्यावसायिक झाला. देशातल्या व्यावसायिक गोल्फच्या पीजीटीआय टूरवर विजेतेपदं जमू लागली. खरा बहर आला तो २०१९च्या डिसेंबरपासून. जमशेदपूरची टाटा स्टील स्पर्धा त्याने जिंकली, मग हैदराबादची गोलकोंडा मास्टर्स, मग बेंगळुरू ओपन. लागोपाठ तीन! आणि तेवढ्यात कोविड. टूर बंद, जागतिक क्रमवारीही काही महिने गोठवलेली. हात असा चालत असताना घरी बसणं काय असतं, ते खेळाडूच जाणे.

ऑलिंपिकचा हिशेब क्रमवारीवर चालतो. जागा साठच. पहिल्या पंधरांत असतील तर एका देशाचे चार जण जाऊ शकतात, त्याखाली प्रत्येकी दोनच. म्हणून अमेरिकेचे भलेभले घरी राहतात आणि साडेतीनशेच्या आसपासचा भारतीय दाराशी पोचतो. देशी टूरवर जिंकूनही गुण तुटपुंजेच मिळतात. मानेने ते साठवत नेले. मार्च २०२१मध्ये दिल्ली-एनसीआर ओपन जिंकून त्यात आणखी भर घातली. जुलैत अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोने माघार घेतली आणि मानेचा नंबर लागला. ‘नशीब फळफळलं’ असं तेव्हा बोललं गेलं. मला ते पटलं नाही. ग्रिलोने खुर्ची सोडली हे खरं, पण रांगेत पुढे कोण उभं आहे ते ग्रिलो ठरवत नव्हता.

ऑलिंपिकच्या कासुमिगासेकी कोर्सवर पहिल्या दिवशी मानेचे ७६ फटके झाले. तिथे पार, म्हणजे अपेक्षित फटके, ७१; म्हणजे पाच जास्त. नाव थेट तळाला. दुसऱ्या दिवशी ६९. सात फटक्यांची सुधारणा! एरवीच्या स्पर्धेत दोन फेऱ्यांनंतर कट लागतो आणि तळाचे खेळाडू बॅगा भरतात. ऑलिंपिकमध्ये कट नसतो, त्यामुळे तो चारही दिवस खेळला. शेवटी ५६वा. दुसरा भारतीय, जन्माने पुणेकर अनिर्बन लाहिरी, संयुक्त ४२वा.

पुढच्याच शनिवारी, ७ ऑगस्टला, महिला गोल्फमधल्या अदिती अशोकसाठी अख्खा देश पहाटे उठून टीव्हीपुढे बसला. बर्डी म्हणजे काय, बोगी म्हणजे काय, लोक एकमेकांना विचारत होते. तिचं पदक एका फटक्याने हुकलं, ती चौथी आली. संध्याकाळी नीरज चोप्राने भाल्यात सुवर्ण जिंकलं आणि गोल्फची बातमी आतल्या पानावर गेली.