पाऊस रुसलेल्या वर्षी पहिली डोंगरवाट

आषाढ लागला की आमच्या कुंडलसारख्या गावातही सहलीचे बेत सुरू होतात. कॉलेजची मुलं ठोसेघरचं नाव घेतात, शिक्षक मंडळींना कास आठवतं, घरातल्या वडीलधाऱ्यांना सज्जनगड हवा असतो. प्रत्येक बेतात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे पाऊस. पण त्यानंच दडी मारली तर? जो दरवर्षी डोंगर चढतो, त्याला फारसं काही वाटत नाही. प्रश्न येतो तो पहिल्यांदा जाणाऱ्याचा. पहिलीच वाट रखरखीत आणि दमवणारी निघाली, तर तो माणूस पुन्हा डोंगराचं नाव काढत नाही. म्हणून कमी पावसाच्या वर्षी नवख्यांनी ठिकाण कसं निवडावं, याबद्दल आज थोडं बोलू या.

आधी आपल्या मुलखाचा स्वभाव ओळखायला हवा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथंच रिते होतात. घाट ओलांडून पूर्वेला उतरणारा वारा कोरडा झालेला असतो. महाबळेश्वरात वर्षाला साधारण साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पाचगणी फार तर वीस किलोमीटर. पण तिथं त्याच्या निम्माही पडत नाही. पुढं आमच्या पलूसकडं येईपर्यंत तो पाचशे-सहाशेवर येतो. एकाच कृष्णेच्या काठावरची ही गोष्ट आहे. तेव्हा ‘सातारा-सांगलीत पाऊस झाला’ या बातमीवर सहल ठरवण्यात अर्थ नाही. कुठल्या तालुक्यात झाला, घाटमाथ्यावर की खाली, हे विचारायला हवं.

कधीकधी घाटमाथाही दगा देतो. पावसाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला, की तिकडं झोडपतो आणि आपल्याकडं आठवडेच्या आठवडे उघडीप पडते. २०२३ चा ऑगस्ट तसा होता. १९०१ पासूनच्या नोंदींत देशभरात इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. त्या वर्षी सरकारनं दुष्काळी ठरवलेल्या तालुक्यांत आमच्या शेजारचा कडेगाव होता, तसाच डोंगराळ, पावसाळी समजला जाणारा शिराळाही होता. आमचे शेतकरी पुनर्वसूच्या पावसाला तरणा आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा म्हणतात. दोघांनीही पाठ फिरवली, तर मघाच्या भरवशावर गाडी ठरवू नये.

थंड देशांत हाच पेच बर्फाचा असतो. तिथं लोक पायाला जाळीदार, पसरट पादत्राणं बांधून बर्फावरून चालायला जातात. त्या रुंद तळव्यामुळं अंगाचं वजन विभागलं जातं आणि पाय खोल रुतत नाही. बर्फ कमी पडला, की जाणती माणसं नवख्यांना उंचावरच्या किंवा उन्हाची तिरीप कमी पोचणाऱ्या उताराच्या वाटेवर नेतात. आणि तिथंही बर्फ नसेल, तर साध्या बुटांनी चालता येईल अशी वाट निवडतात. म्हणजे, हवं ते मिळालं नाही तरी दिवस वाया जाऊ नये, अशी सोय ते आधीच करून ठेवतात.

आपणही तेच करावं. ठिकाणाचं नाव घ्या आणि मनातल्या मनात त्यातलं पाणी वजा करा. मग काय उरतं ते पाहा.

ठोसेघरमधून पाणी वजा केलं, तर दरी उरते. ती सुंदर आहे, पण धबधबा पाहायला आलेल्या मुलांची समजूत ती घालू शकत नाही. कासचं पठार म्हणजे कातळ आणि त्यावर मातीचा पातळ थर. त्यात ओल फार दिवस टिकत नाही. एरवी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला फुलणारं पठार मोठ्या उघडिपीनंतर कसं असेल, ते तिथं विचारूनच निघावं. फुलं विरळ असली की माणसं ती शोधत आखलेली वाट सोडतात, आणि पुढच्या वर्षीची फुलं पायाखाली जातात.

सज्जनगडातून पाऊस वजा केला, तरी पुष्कळ उरतं. बांधलेल्या पायऱ्या आहेत, भक्कम दरवाजे आहेत, समर्थांची समाधी आहे. वरून उरमोडी धरणाचा जलाशय दिसतो. कमी पावसाच्या वर्षी त्याच्या काठावरचा उघडा पडलेला मातीचा पट्टा मुलांना दाखवावा. पाऊस कमी झाला म्हणजे काय झालं, हे त्यांना पुस्तकापेक्षा तिथं लवकर कळतं.

आणि आमचं सागरेश्वर. नवख्यांसाठी याहून योग्य जागा आमच्या भागात मला दिसत नाही. हे अभयारण्य मुळात कमी पावसाच्या मुलखातच उभं राहिलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावून, जगवून ते माणसांनी तयार केलं. त्यामागं वृक्षमित्र धों. म. मोहिते यांचे कष्ट होते. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर, भोवती कुंपण, आत मळलेल्या वाटा. चितळ, सांबर, काळवीट असे प्राणी आहेत. ते दिसतीलच असं नाही, पण सकाळी लवकर आणि गप्प राहून चाललं तर संधी असते. खाली सागरेश्वराच्या जुन्या मंदिरांचा समूह आहे आणि जवळच देवराष्ट्रे, जिथं १२ मार्च १९१३ रोजी यशवंतराव चव्हाण जन्मले. माथ्यावरून कृष्णाकाठची उसाची शेतं दिसतात. तो हिरवा रंग पाहून पाऊस भरपूर झाला असं मात्र समजू नका. त्यातला बराचसा नदीचं पाणी उचलून आणलेला आहे. ताकारी उपसा सिंचन योजना तिथंच शेजारी आहे.

ठिकाण ठरलं की माप ठरवावं. पहिल्या दिवसाला जाऊन-येऊन चार-पाच किलोमीटर पुष्कळ झाले. मंडळीत जो सगळ्यात हळू चालतो, त्याच्या पायानं वेळ मोजावा. उघडिपीतलं ऊन फसवं असतं; हवेत दमटपणा, डोक्यावर लख्ख सूर्य आणि घाम वाळत नाही. म्हणून सातला चालायला लागावं आणि बारापर्यंत खाली यावं. माणशी दोन लिटर पाणी घरूनच न्यावं. चांगल्या पकडीचे बूट असावेत, कारण आठ दिवस कोरड्या राहिलेल्या कातळावर एक सर आली, की जुनं शेवाळ साबणासारखं होतं. आदल्या दिवशी तिथल्या ओळखीच्या माणसाला, एस. टी.च्या कंडक्टरला किंवा वन खात्याच्या नाक्यावर चौकशी करावी. महिन्याभरापूर्वीचे फोटो काही सांगत नाहीत.

मागं शेजारची मुलं मला विचारायला आली होती, “चाचा, यंदा कुठं पाणी आहे?” मी त्यांना म्हटलं, “बाळांनो, पाणी कमी आहे तिथंच जास्त जपा.” त्यांना ते उलटं वाटलं. पण धबधबा भरून कोसळत असतो, तेव्हा त्याच्याजवळ जायची कुणाची छाती होत नाही. तो बारीक झाला, की माणूस थेट त्याच्या खाली, डोहाच्या कडेला जाऊन उभा राहतो. डोह मात्र उथळ झालेला नसतो. आणि वर डोंगरात एखादी जोरदार सर झाली, तर खाली ऊन असतानाही लोंढा येतो. ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, त्यात पानं-काटक्या वाहू लागल्या, की चपला-डबे तिथंच टाकून वर सरकावं.

आणखी एक गोष्ट. अशा वर्षी डोंगरात जे थोडं पाणी उरलेलं असतं, ते आपल्या सहलीसाठी नसतं. गडावरचं टाकं, कपारीतला झरा, अभयारण्यात बांधलेला पाणवठा यांवर कुणाची तरी तहान अवलंबून असते. रात्री तिथं सांबर येतं, पहाटे एखादी बाई कळशी घेऊन येते. आपण तिथं पाय धुतले, साबण लावला, ताटं विसळली, तर आपली पाच मिनिटांची मौज त्यांना पुढं आठवडाभर पुरते. माणदेशात, जतमध्ये, आटपाडीत टँकरची वाट पाहणारी घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पाऊस परतला, की ठोसेघर आहेच, कासही आहे. तोवर पायांना चालायची सवय झालेली असेल. निघताना मात्र घरच्यांना कुठं जातोय आणि किती वाजेपर्यंत परतू, एवढं सांगून निघा.