चिन्ह किमयेचं, नाणं कुणाचं?

‘जर्मन’ म्हटलं की आपल्या आजीला ॲल्युमिनियमचं पातेलं आठवतं. ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणाल, तर ते तांबं, निकेल आणि जस्ताचं मिश्रण. त्यात चांदी औषधालाही नसते. पण समजा, तुमच्यासमोर जर्मनीतलं खरंखुरं जुनं चांदीचं नाणं आलं. त्यावर गूढ चिन्हं आहेत: टिंब असलेलं वर्तुळ, चंद्रकोर, बाण. विकणारा हळूच सांगतो, ‘किमयागाराचं नाणं आहे, शिशाची चांदी करून पाडलेलं!’ आणि किंमत दुप्पट. काय कराल?

आधी चिन्हं वाचा. जुन्या युरोपात प्रत्येक ग्रहाला एक धातू जोडलेला होता. सूर्य म्हणजे सोनं, चंद्र चांदी, शुक्र तांबं, मंगळ लोखंड, बुध पारा, गुरू कथील, शनी शिसं. किमयागार ही चिन्हं वापरायचे हे खरंच, पण धातू पारखणारेही वापरायचे. आपण केमिस्ट्रीच्या वहीत चांदीला ‘एजी’ लिहितो, तसंच हे. एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन हुक दिसले, तर ते टांकसाळीतलं अवजार. अनेक टांकसाळप्रमुखांची ती खूण होती. म्हणजे जादू नाही, सही!

मग कडेची लॅटिन अक्षरं बघा. ‘डी. जी.’ म्हणजे ‘देवाच्या कृपेने’. त्याच्या आगेमागे राजाचं नाव आणि पदव्या असतात, तेही तोडून लिहिलेले. नाव आणि साल लागलं, की नाण्यांच्या कॅटलॉगमध्ये शोधता येतं. मोठ्या ‘थालर’ नाण्यांसाठी संग्राहक डेव्हनपोर्टचे क्रमांक वापरतात.

आता वजन. १५६६ च्या नियमाप्रमाणे थालर सुमारे २९.२ ग्रॅमचा, त्यात ८८.९ टक्के चांदी. पाण्याचा पेला डिजिटल काट्यावर ठेवून काटा शून्य करा. दोऱ्याने बांधलेलं नाणं पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काटा २.८ ग्रॅमच्या आसपास थांबायला हवा. त्याच वजनाचं जर्मन सिल्व्हर असेल, तर ३.४ च्या जवळ जाईल. अर्थात, चांदीतच केलेली नक्कल या परीक्षेत पास होते. म्हणून आधी अक्षरं, मग काटा.

गंमत म्हणजे, ‘किमयेची’ म्हणवली गेलेली नाणी खरोखर आहेत. हेस-डार्मस्टाटचा लँडग्रेव्ह अर्न्स्ट लुडविग याने १७१७ मध्ये किमयेच्या चांदीतून थालर पाडले, अशी कथा सांगतात. नाणं अस्सल, कथा मात्र अशक्य: शिशाच्या अणूत ८२ प्रोटॉन, चांदीच्या ४७. भट्टीत कितीही तापवा, हा हिशेब बदलत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी कथा विकू लागलं, तर ऐका जरूर, पण पैसे नाण्याचे द्या. आणि हो, घरी आणल्यावर ते चिंचेने घासू नका. झळाळी येईल, पण तीनशे वर्षांचा काळपटपणा जाईल आणि त्याबरोबर संग्राहकांच्या लेखी असलेली किंमतही.