ओहोळातील भक्षक आणि भक्ष्य : मुलांना शिकवण्याचा संख्येचा धडा

डासांच्या अळ्या खाण्यासाठी चेन्नई महानगरपालिका शहरातील पाणवठ्यांत गॅम्बुशिया मासे सोडत आली आहे. त्याच शहरात मुख्यालय असलेल्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाने मात्र हाच मासा परकीय आक्रमक जातींच्या यादीत समाविष्ट केला आहे. १९२८ मध्ये भारतात आणलेला हा मासा अळ्यांबरोबरच बेडकांची पिल्ले, देशी माशांची अंडी आणि चतुराची पिल्लेही खातो. म्हणजे अळ्यांचे मूळचे भक्षकही घटवतो. भक्षक सोडला की भक्ष्य कमी होते, एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याला ही विसंगती उलगडत नाही.

शालेय अन्नसाखळी कोण कोणाला खातो हे सांगते. किती आणि किती काळात, हे सांगत नाही. ते गावच्या ओहोळाकाठी शिकता येते. एक पांढरे ताट, मोठी गाळणी आणि वही पुरेशी. दगडाखाली शेवाळ खरवडणारे बारीक कीटक सापडतात, तर काठच्या पाणवनस्पतींत चतुर व टाचणीची पिल्ले दबा धरून असतात. चतुराचे पिल्लू दुमडलेला खालचा ओठ क्षणार्धात पुढे फेकून भक्ष्य पकडते. ताटात हे एकदा पाहिलेले मूल ते सहसा विसरत नाही. त्याच जागी दर पंधरवड्याला मोजणी करावी आणि कीटक पुन्हा पाण्यात सोडावेत. पाणी गुडघ्याखाली हवे. पावसाळ्यातील फुगलेला ओहोळ वर्ज्य.

खरा धडा वेळेचा आहे. उष्ण हवामानात डासाची पिढी आठ-दहा दिवसांत पूर्ण होते. चतुराच्या पिल्लाला प्रौढ होण्यास जातीनुसार दीड महिन्यापासून वर्षाहूनही अधिक काळ लागतो. पाण्यात विष गेले आणि दोघेही सारख्याच प्रमाणात मेले, तरी भरपाई सारखी होत नाही.

हे वर्गात खेळूनही दाखवता येते. वाळूत ८० चिंचोके विखरावेत. आठ मुलांनी डोळे बांधून दहा सेकंद वेचावेत. प्रत्येक डावानंतर उरलेले चिंचोके दुप्पट करावेत. मग ‘फवारणी’ म्हणून ६० चिंचोके आणि सहा मुले बाजूला काढावीत. विरळ झालेले चिंचोके दोन मुलांच्या हाती फारसे लागत नाहीत आणि काही डावांतच त्यांची संख्या बहुधा पूर्वीच्या पुढे जाते. भक्षकांची नवी पिढी मात्र अजून आलेली नसते.

इटालियन गणिती व्हिटो व्होल्टेरा यांनी १९२६ मध्ये हेच गणिताने मांडले. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातील मासेमारी थंडावली, तेव्हा फियूमे बंदरातील पकडीत शार्कसारख्या भक्षक माशांचा वाटा सुमारे १२ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांपर्यंत वाढला होता. सरसकट मारणे थांबले, त्याचा लाभ भक्षकाला झाला.

भातखाचरात याची उलट बाजू दिसते. अविवेकी फवारणीने कोळी व मिरिड ढेकूण मरतात. तपकिरी तुडतुड्यांची पर्णकोषातील अंडी मात्र बरीचशी वाचतात आणि प्रादुर्भाव पुन्हा उसळतो. ओहोळाच्या वहीतच पुढील पानावर भाताच्या दहा चुडांवरील कोळी व तुडतुडे यांची नोंद मुलांना ठेवता येईल. मोजणी बुंध्याशी, पाण्याच्या पातळीलगत करावी. तपकिरी तुडतुडे तेथेच असतात.