जास्वंदीवरचे हिंगे

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये सातवीच्या एका मुलाची अम्मी सकाळीच शाळेत आली. चेहरा रागाने लाल. मुलाच्या मनगटावर बोराएवढा पाण्याने भरलेला फोड होता. "मॅडम, याला वर्गात कोणी चटका दिला?" मुलगा रडकुंडीला येऊन सांगत होता, कोणीच नाही. खूप खोदून विचारल्यावर कळले, की आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत त्याने कुंपणाच्या जास्वंदीवरचा एक 'रंगीत किडा' मुठीत धरून दाबला होता.

तो किडा तुम्हीही पाहिला असेल. पाऊस जरा उघडला की काळ्या पाठीवर नारिंगी पट्टे असलेले, इंचभर लांबीचे हे भुंगेरे जास्वंदीच्या फुलात डोके खुपसून पाकळ्या खात बसतात. मूग, तूर, भेंडी आणि बाजरीच्या फुलोऱ्यावरही ते येतात. शेतकरी त्यांना हिंगे म्हणतात. उर्दूत नाव तेलनी मक्खी, पण ही माशी नव्हे, भुंगेराच. चिमटीत धरला की तो पायांच्या सांध्यांतून तेलकट पिवळा द्रव सोडतो. त्यातल्या विषाचे नाव कँथरिडिन. लागते तेव्हा काही जाणवत नाही. फोड काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी उठतो, म्हणून दोष भलत्यावरच जातो. तो भडक रंग म्हणजे पक्ष्यांना दिलेली ताकीद आहे. मुलांना मात्र तो खेळणे वाटतो.

आमच्या घरात या किड्याची ओळख जुनी आहे. माझ्या मामूंना तरुणपणी डोक्यात चाई पडली होती, ज्याला आपण बालखोरा म्हणतो. कोणीतरी सांगितले, तेलनी मक्खी तेलात उकळून लावा, केस येतात. केस आले नाहीत. टाळूवर फोड मात्र आले आणि नानी रात्रभर उशाशी बसून राहिल्या. युनानी वैद्यकात हे औषध आहे, हे खरे. अरबी ग्रंथांत ते ज़रारीह या नावाने येते. पण विषारी औषधाची आधी तदबीर, म्हणजे शुद्धी करायची आणि मग अगदी मोजून द्यायचे, हा तिथला दंडक. आमच्या मामूंनी कढई घेतली आणि अंदाजाने किडे टाकले! १८१० मध्ये रोबिके नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने हे विष वेगळे काढले. आजही डॉक्टर ते ठराविक प्रमाणात त्वचेवरच्या काही गाठींना लावतात. पोटात गेले तर तोंडापासून आतड्यापर्यंत सगळे भाजते, लघवीतून रक्त जाते, मूत्रपिंड निकामी होते, जीवही जातो. किडा मेला, वाळला तरी विष तसेच राहते. म्हणून 'ताकदीच्या' नावाखाली त्याची पूड कोणी देऊ केली तर हात जोडावेत.

मग दिसेल तिथे मारूनच टाकावे का? मला तसे वाटत नाही. मादी जमिनीत अंडी घालते. त्यातून निघालेली चिमुकली, चपळ अळी मातीत टोळ-नाकतोड्यांच्या अंड्यांचे पुंजके शोधते आणि त्यांवरच वाढते. पुढे तिचे पाय आखूड होतात, अंग जाड आणि मंद होते, जणू दुसराच प्राणी. म्हणजे आई-बाप आपले फूल खातात आणि पोर पिकाच्या शत्रूची अंडी फस्त करते. शेतात झुंडी उतरल्या तर नुकसान खरेच होते, कारण फूल गेले की शेंगही गेली. अंगणातल्या चार-सहा हिंग्यांसाठी फवारणी करू नये, त्याच फुलांवर मधमाश्या येतात. रबरी हातमोजे घालून किंवा काडीने ते साबणाच्या पाण्यात पाडावेत, एवढे पुरते.

द्रव अंगाला लागलाच तर लगेच साबणाने धुवावे, चोळू नये. फोड आला तर फोडू नये. डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धुऊन दवाखाना गाठावा. तोंडात गेला असेल तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना.

त्या मुलाचा हात आठ-दहा दिवसांत बरा झाला. त्याची अम्मी पुन्हा आली, या वेळी चहाला बोलवायला. यंदा जुलै संपायच्या आतच मुलगा धावत वर्गात आला, "मॅडम, ते आले!" आम्ही सगळी मुले घेऊन कुंपणाशी गेलो आणि हात मागे बांधून मोजायला लागलो. एका झाडावर अकरा होते.